यात माझी सुटका कुठून?

"सराव छान झालाय. पण यात माझी सुटका कुठून?"

हेडसेट डोक्यावरून उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, आणि खोलीतल्या आम्हा पाचजणांपैकी कुणालाच उत्तर देता येईना.

चार महिने आम्ही व्हर्च्युअल रिॲलिटीतला (व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून संगणकाने उभ्या केलेल्या जगात वावरण्याचं तंत्र) आगीचा सराव बांधत होतो. सात मजली कार्यालय, पाचव्या मजल्यावर धूर. गजर वाजायला लागतो आणि हेडसेट घातलेल्या माणसाने लिफ्ट टाळून, योग्य दार शोधून, जिन्याने खाली यायचं. प्रश्न विचारणाऱ्या बाई व्हीलचेअर वापरतात. चाचणीसाठी त्या आल्या तेव्हा आम्हाला वाटत होतं की आपली तयारी चोख आहे. बसलेल्या माणसासाठी दृश्याची उंची जुळवून घेतली होती, मांडीवरून हात न उचलता बटणं दाबता येतील असं केलं होतं. त्या सहज धुरातून वाट काढत जिन्यापाशी पोचल्या, टेलिपोर्टचं वर्तुळ (ते जिथे टाकू तिथे चालल्याशिवाय एकदम पोचता येतं) पायऱ्यांवर टाकलं आणि एकेक मजला उतरून बाहेर आल्या. समोर 'सराव यशस्वी' अशी पाटी आली. खऱ्या इमारतीत त्या पाचव्या मजल्यावरच अडकल्या असत्या.

मी या प्रकल्पाचा डिझायनर. तोवर माझी समजूत अशी होती की आपण केलेली गोष्ट सगळ्यांना वापरता आली म्हणजे ती सर्वसमावेशक झाली. वापरता तर त्यांना आलीच होती. पण आम्ही बांधलेल्या इमारतीत पायऱ्या उतरू न शकणारा माणूस कामाला येतच नव्हता. आग लागली की सगळे जिन्याने उतरतात, हे आम्ही हजारभर कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पाडायला निघालो होतो. त्यांच्यापैकी कुणालाही शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंची आठवण होण्याचं कारण आम्ही ठेवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी प्रकल्प उघडला आणि कोडमध्ये लिहिलेली शरीराची सगळी मापं एका कागदावर उतरवून काढली. डोळ्यांची उंची १६५ सेंटीमीटर. हाताची पोच ७० सेंटीमीटर. आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढायला उजवा हात, सिलिंडर धरायला डावा. आवाजाची दिशा ओळखायला दोन्ही कान. धुराखालून जाताना डोकं जमिनीपासून एक मीटरच्या खाली. वाचता वाचता लक्षात आलं, हे शरीर माझं आहे. रोज दहा वेळा हेडसेट घालून तपासणारा मी, म्हणून मला जे जमलं तेच कोडमध्ये टिकलं होतं.

वेबसाइट करताना अशा चुका होत नाहीत असं नाही. पण तिथे माणसाचे डोळे आणि एक बोट एवढाच संबंध येतो. इथे मान वळली की दृश्य वळतं, गुडघा वाकला की जमीन जवळ येते. अख्खं शरीर हाच माउस असतो. तेव्हा शरीराचं माप चुकलं की सगळंच चुकतं.

आणि हा प्रकार जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये संगणकाने काढलेलं दृश्य दाखवणारा, डोक्यावर घालायचा पहिला डिस्प्ले दाखवला, तेव्हा डोक्याची हालचाल टिपणारा यांत्रिक दांडा छताला टांगलेला होता आणि माणसाला त्याखाली उभं राहावं लागत होतं. यंत्र जिथे आहे तिथे माणसाने डोकं न्यायचं. पुढे दांडा गेला, वजन उतरलं, पण माणसाने यंत्राच्या मापात बसायचं ही सवय मला आमच्या खोलीतही दिसली. आमच्यातल्या एका सहकारी मुलीचं हेडसेट घातल्यावर दहा मिनिटांत डोकं चढायचं. "सवय होईल," असं मी तिला तीनदा तरी सांगितलं असेल. या सगळ्या तपासणीत आम्ही पहिल्यांदा तिच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. ते ५६ मिलिमीटर भरलं. आमच्या हेडसेटची भिंगं ५८ च्या आत येतच नव्हती. २०२० मध्ये संशोधक के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली होती: व्हीआरमध्ये स्त्रियांना जास्त मळमळतं असं जे म्हटलं जातं, त्यामागे भिंगांचं न जुळणारं अंतर हे मोठं कारण निघालं. अंतर नीट जुळलं तेव्हा स्त्रियांचा त्रास पुरुषांच्या पातळीला आला. तिच्या डोकेदुखीला मी सवयीचा अभाव म्हणत होतो, हे मला अजून लागतं. आम्ही तिच्यासाठी भिंगं आणखी जवळ येणारा हेडसेट आणला आणि चाचणीच्या सुरुवातीला प्रत्येकाचं हे अंतर मोजायला लागलो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मळमळीवरचे बाकीचे उपाय आता सगळ्यांना माहीत आहेत, आम्हीही तेच केले: सरकत जाण्याऐवजी टेलिपोर्ट, वळताना ठरावीक अंशांचे टप्पे, हालचाल असेल तेव्हा दृश्याच्या कडा अंधुक करणं. त्यावर जास्त लिहीत नाही.

मन गुंतलं ते चाचणीला येणाऱ्या माणसांमध्ये. दोन महिन्यांत चौदाजण आले. त्यांना सल्लागार म्हणून मानधन द्यायचं, हे मी पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं. आपल्या शरीराचं ज्ञान ते आम्हाला देत होते, आणि ते ज्ञान फुकट घेणं मला पटत नव्हतं.

एक गृहस्थ आले, त्यांचा डावा हात कोपराखाली नाही. त्यांनी हेडसेट घातला आणि खाली पाहिलं, तर आमच्या प्रोग्रामने टेबलावर पडलेल्या दुसऱ्या कंट्रोलरच्या (हातात धरायच्या बटणांच्या यंत्राच्या) जागी एक हात काढून ठेवला होता. त्यांच्यापासून तुटून, जमिनीलगत लोंबकळणारा. ते काही बोलले नाहीत, मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्याच दिवशी आम्ही हातांसाठी स्वतंत्र निवड केली: एक, दोन किंवा एकही नाही, आणि कातडीचा रंगही ज्याचा त्याने ठरवायचा. तोवर सगळ्यांना एकच गोरा हात मिळत होता.

मग अग्निशामक सिलिंडरचा प्रसंग आला. पिन ओढायला दोन हात लागत होते. आमच्या डेव्हलपरने लगेच सुचवलं, एका हाताच्या निवडीत पिन आपोआप निघू दे. मीही हो म्हणणार होतो. ते गृहस्थ म्हणाले, "मग खऱ्या आगीत ती कोण काढणार?" त्यांनी करून दाखवलं: सिलिंडर जमिनीवर उभा करायचा, दोन पायांमध्ये घट्ट धरायचा, वाकून पिन ओढायची. आम्ही तसंच बांधलं. यातून मला एक फरक कळला आणि पुढे फार उपयोगी पडला. काही अडथळे आमच्या प्रोग्रामने निर्माण केलेले असतात. ते बिनदिक्कत काढून टाकावेत. काही अडथळे खऱ्या कामातले असतात, आणि तिथे सोय म्हणून खोटी वाट दिली तर शिकणाऱ्याची फसवणूक होते. तिथे खरी दुसरी वाट शोधावी लागते, आणि ती त्याच माणसाला विचारावी लागते.

धुराखालून वाकून जाण्याचं असंच. एक मीटरच्या खाली डोकं, ही अट उंच माणसाला कंबर मोडणारी आणि बुटक्या माणसाला जवळजवळ फुकट. ती बदलून ज्याच्या त्याच्या सुरुवातीच्या उंचीच्या प्रमाणात केली. गुडघे किंवा पाठ वाकत नाही त्यांना बटणाने खाली जाता येतं, पण मग पडद्यावर हेही येतं की खरोखरच्या धुरात खाली जाता आलं नाही तर काय करायचं: दार लावून घ्यायचं, फट कापडाने बुजवायची, खिडकीपाशी जाऊन आपण इथे आहोत हे कळवायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला गजरावर. ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी गजरासोबत दिवे लुकलुकायला हवेत. आम्ही मार्गिकेत तीन दिवे लावले, प्रत्येक सेकंदाला दोनदा चमकणारा. ठीकच वाटत होतं. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता यावं यासाठीच्या, निकषांत एक जुना नियम आहे, कुठलीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकू नये. प्रकाशाच्या झगमगाटाने ज्यांना अपस्माराचा झटका येऊ शकतो, त्यांच्यासाठी तो आहे. दोन तर तीनपेक्षा कमीच. पण आमचे तीन दिवे एका तालात चमकत नव्हते. मार्गिकेच्या टोकाला उभं राहिलं की तिन्ही एकदम दिसायचे आणि डोळ्यांवर सेकंदाला सहा झगझगाट आदळायचे. शिवाय हेडसेटमध्ये नजर फिरवून सुटका नाही, कारण दृश्य डोळ्यांभोवती सगळीकडेच असतं. एकासाठी केलेली सोय दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष मोजून पाहिलं. आम्ही तिन्ही दिवे एका तालात आणले, सेकंदाला एकदाच चमकतील असे, आणि सराव सुरू होण्याआधी ते पूर्ण बंद करण्याची सोय दिली. बंद केले तर कंट्रोलर थरथरतो.

कॅप्शनचा प्रश्नही वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. अक्षरं डोक्याबरोबर चिकटून फिरली तर काहींना गरगरतं. भिंतीवर लिहून ठेवली तर मान वळवताच हरवतात. शेवटी ती नजरेच्या मागोमाग थोडी रेंगाळत येतात अशी केली, आणि बोलणारा माणूस पाठीमागे असेल तर त्या बाजूला बाण. एका कानानेच ऐकू येणाऱ्या एका बाईंना हाच बाण सगळ्यात आवडला. धुरातून हाक मारणारा सहकारी कुठे आहे हे त्यांना आवाजावरून ओळखता येत नाही. रोजही येत नाही, असं त्या म्हणाल्या.

या सगळ्यात वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली विस्तारित वास्तवाच्या (व्हीआर आणि तशाच तंत्रांचं एकत्रित नाव) सुगम्यतेची टिपणी आमच्या टेबलावर कायम असायची. कॅप्शन, दोन्ही कानांना एकच आवाज, एका संवेदनेची माहिती दुसऱ्या संवेदनेने देणं, असं बरंच काही तिच्यात आहे. पण माझ्या मनात बसली ती सुरक्षित जागेची कल्पना: अनुभव असह्य झाला तर एका बटणाने लगेच जिथे जाता येईल अशी जागा. आगीच्या सरावात ती जागा किती गरजेची आहे, हे एका चाचणीत कळलं. त्या दिवशी आलेले गृहस्थ धूर दिसताच ताठ झाले आणि श्वास जोरात घ्यायला लागले. लहानपणी त्यांचं घर जळालं होतं. आम्ही विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं होतं असंही मला वाटत नाही. कुणाच्या मनात काय पुरलेलं आहे याची चौकशी करण्याचा आम्हाला काय अधिकार? आपण काय दाखवणार आहोत ते आधी नीट सांगायला मात्र हवं होतं. आता सुरुवातीला साध्या शब्दांत सांगितलं जातं: धूर दिसेल, मोठा आवाज होईल, माणसं ओरडतील. धूर कमी करता येतो. कुठल्याही कंट्रोलरवरचं मोठं बटण दाबलं की एक उजेडाची, रिकामी, शांत खोली येते. तिथून परत जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. खोलीत गेलेल्याची नोंद होत नाही.

नोंद न होण्यापर्यंत आम्ही सरळ आलो नाही. ज्यांनी सराव मागवला होता त्या संस्थेला अहवाल हवा होता: कोण कुठे किती वेळ पाहत होता, कोण गोंधळला, कोण किती सेकंद थबकला, नावानिशी. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीच अवघड नव्हतं. डोकं आणि दोन हात, असे तीन बिंदू. प्रत्येकाची जागा आणि कल मिळून सहा आकडे. सेकंदाला ७२ वेळा. वीस मिनिटांत एका माणसाचे साडेपंधरा लाखांहून जास्त आकडे जमा होतात. मला वाटायचं, नाव काढून टाकलं की झालं. तसं होत नाही. मार्क मिलर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ५११ माणसांच्या अशा हालचाली तपासल्या. पाच मिनिटांहूनही कमी नोंदीवरून संगणकाने त्यांतला कोण कोणता हे ९५ टक्के वेळा अचूक ओळखलं. २०२३ मध्ये विवेक नायर आणि सहकाऱ्यांनी एका खेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंवर हेच करून पाहिलं. १०० सेकंदांची हालचाल ९४ टक्के अचूकतेला पुरली. मान कशी वळते, हात कसा उचलला जातो, ही सहीच असते. तिच्यावरचं नाव खोडून ती निनावी होत नाही.

मी हे वाचलं होतं, मान डोलावली होती. पटलं मात्र नंतर.

चाचणीला आलेल्या एकांना दाराची कडी पकडायला त्रास होत होता. हात कडीजवळ जायचा आणि निसटायचा. त्यांना मदत व्हावी म्हणून हाताची थरथर शोषून घेणारी गाळणी करायचं ठरलं आणि त्यासाठी मी त्यांच्या हाताच्या नोंदीचा आलेख काढला. त्यात एकसारखा, न थांबणारा कंप स्पष्ट दिसत होता. मी आलेख त्यांना दाखवला, उत्साहानेच, की बघा, हे आपण आता सहज सुधारू. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग हळूच विचारलं, "हे ऑफिसला जातं का?" कामाच्या ठिकाणी त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. अजून काही वर्षं सांगायचंही नव्हतं.

त्यांची सोय करण्यासाठीच आम्ही त्यांच्या शरीरात डोकावलो होतो. तोच आलेख दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर त्यांची नोकरी धोक्यात आली असती. तोपर्यंत समावेशकता आणि खासगीपणा हे माझ्या वहीत दोन वेगळ्या पानांवर होते. प्रत्येक सोय शरीराबद्दल काहीतरी विचारते, आणि ज्याला सोय लागते त्यालाच ते उत्तर सगळ्यात महाग पडू शकतं.

त्यानंतर आम्ही मांडणी उलटी केली. कुठेही 'तुम्हाला अपंगत्व आहे का' असं विचारायचं नाही. बसून की उभ्याने, एक हात की दोन, हाताला आधार हवा का, एवढंच, आणि हे पर्याय सगळ्यांना, एकाच पडद्यावर. ज्याला काहीच अडचण नाही तोही दमलेला असेल तर बसून करेल. हाताची गाळणी हेडसेटमध्येच चालते आणि मागे काही ठेवत नाही. निवडलेले पर्याय एका आकडी कोडवर साठवले जातात. तो कोड त्या माणसाकडेच राहतो, नावाशी जोडलेला नसतो. कुठे चुकलं, काय राहिलं, याचा तपशील सराव संपताच फक्त त्याला दिसतो आणि पुसला जातो. संस्थेला गटाचे एकत्रित आकडे, आणि दहापेक्षा लहान गट असेल तर तेही नाहीत.

संस्थेशी यावर तीन बैठका झाल्या. त्यांचं म्हणणं अगदीच गैरलागू नव्हतं: कुणाला आणखी प्रशिक्षण हवं हे कळलं नाही तर जबाबदारी कशी पार पाडायची? आम्ही सुचवलं की ज्याला पुन्हा सराव हवा तो स्वतः मागू शकेल अशी सोय ठेवा, आणि मागणाऱ्याला कारण विचारू नका. त्यांनी ते मान्य केलं. नजरेच्या नोंदींवर मात्र शेवटपर्यंत ओढाताण झाली. त्या द्यायच्याच असतील तर मी या कामात राहणार नाही, असं मला सांगावं लागलं.

त्याच बैठकांमध्ये आणखी एक मागणी आली होती. सर्वांना पाच मिनिटं 'व्हीलचेअरवरचा अनुभव' द्यावा, म्हणजे सहानुभूती वाढेल. मी नाही म्हटलं. मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा नकली अनुभवांचा अभ्यास केला होता. माणसं त्यातून भीती, असहायता आणि संकोच घेऊन बाहेर पडली. कळवळा वाढला, पण अपंग व्यक्तींशी वागण्याबोलण्याची वृत्ती काही सुधारली नाही. पाच मिनिटांत माणूस फक्त खुर्चीत नवखा असतो, वर्षानुवर्षं ती चालवणाऱ्याचं कौशल्य त्याला कुठून कळणार?

फोनवरचा ऑगमेंटेड रिॲलिटीचा भागही होता, फोन समोर धरला की खऱ्या जमिनीवर बाहेर पडण्याच्या वाटेचे बाण दिसणारा. त्यातलं बरंचसं आम्ही काढून टाकलं. व्हीलचेअर ढकलायला दोन्ही हात लागतात, फोन कुठे धरायचा? आणि जिन्यावर पडद्यात बघत उतरणारा माणूस पडणारच. आता चालायला लागलं की बाण जातात आणि आवाज व थरथर उरते. कॅमेऱ्यात येणारे आजूबाजूचे लोक कुठेही साठवले जात नाहीत. त्यांची परवानगी कुणी घेतलेली नसते.

मूळ प्रश्नाकडे येतो. त्या बाईंना आम्ही पुन्हा बोलावलं, या वेळी आखणी करायला. जिन्यालगत धुरापासून सुरक्षित असा थांबा बांधला, तिथे दोन्ही बाजूंनी बोलता येणारा फोन आणि भिंतीवर जिन्यावरून खाली नेणारी खास खुर्ची. हा प्रसंग दोन्ही बाजूंनी करता येतो: थांबणारी व्यक्ती म्हणून, किंवा मदत करणारी म्हणून. मदत करणाऱ्याने आधी विचारायचं, "तुम्हाला कसं उचलू?" न विचारता हात लावला तर प्रसंग पुढे सरकत नाही. हा नियम त्यांचा.

बांधून झाल्यावर त्यांनी तो करून पाहिला. थांब्यावर गेल्या, फोन केला, आणि ४० सेकंदांत दोन सहकारी आले.

"एवढ्या लवकर येतात का खरंच?"

तो आकडा मी टाकला होता, शिकणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून. मी संस्थेला विचारलं. त्यांच्या खऱ्या इमारतीतल्या आगीच्या पुढच्या तालमीत कुणीतरी घड्याळ लावून बसलं, तेव्हा कळलं की पाचव्या मजल्यावर खास खुर्चीच नव्हती, ती तळमजल्यावरच्या कोठीत कुलपात होती. किल्ली शोधून ती वर यायला नऊ मिनिटं लागली.

आम्ही सरावात नऊ मिनिटं टाकली. संस्थेतल्या वरिष्ठांनी तो प्रसंग स्वतः हेडसेट घालून केला, थांब्यावर बसून, गजर ऐकत. दोन आठवड्यांनी खुर्ची वर आली आणि तालमीत वेळ साडेतीन मिनिटांवर आला. आता सरावातही साडेतीनच आहे. काहीजण विचारतात की हा भाग लांबतो, जरा छोटा करता येईल का. त्यांना मी तालमीचा नवा आकडा कळवा, एवढंच सांगतो.